आधी एसीचा डबा

उज्जैनच्या फ्रीगंजातल्या त्या घराची वरची खोली भाड्याने मिळवण्यासाठी मला अर्ज भरावा लागला होता. छापील नव्हे, घरमालकांनी, म्हणजे काकांनी, स्वतः पट्टीने रेघा मारून तयार केलेला. नाव, गाव, नोकरी, जेवण कसलं, उठायची वेळ काय, असं सगळं विचारून झाल्यावर शेवटच्या रकान्यात 'छंद' होता. मी तिथे 'काही नाही' असं लिहिलं. काकांचं बोट बाकीच्या रकान्यांवरून भराभर खाली आलं आणि तिथे अडलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डॉक्टर बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

"काहीच नाही? मग इतवारी काय करता तुम्ही?"

झोपतो, असं मी खरं ते सांगितलं. स्कूटर आहे का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. स्कूटर होती. त्यांनी माझं 'काही नाही' खोडलं, तिथे आपल्या हाताने 'मासेमारी (शिकाऊ)' असं लिहिलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. पुढची तीन वर्षं दर रविवारी सकाळी मी त्यांना मागे बसवून शहराबाहेरच्या धरणाच्या तलावावर नेत होतो. माझ्या पायांशी जेवणाचा डबा आणि त्यांच्या हातात उभी धरलेली लांबलचक काठी, अशी आमची वरात टॉवर चौकातून निघाली की पोह्याच्या गाडीवरची माणसं वळून बघत. तीन वर्षांत मी शिकाऊचा पक्का काही झालो नाही.

मी विजेचे नवे मीटर बसवणाऱ्या कंपनीत होतो आणि बदलीवर सांगलीहून उज्जैनला आलो होतो. काका तिथलेच. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा कधीतरी दरबारात लेखणी चालवायला आले आणि राहिले. त्यांच्या मराठीत अर्धी हिंदी मिसळलेली होती आणि तीच शुद्ध मराठी आहे, अशी त्यांची खात्री होती. "इंजिनियरसाहेब, तुमची मराठी चांगली आहे, पण जरा गावाकडची आहे," असं त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं.

ते रेल्वेत टीसी होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण तिकीट काही त्यांच्या डोक्यातून उतरलं नव्हतं. काकूंना गाडीत बसवून द्यायला गेले तरी प्लॅटफॉर्म तिकीट काढायचे, आणि काकू गाडीत बसल्या की आधी त्यांचं तिकीट मागायचे. काकू पर्समधून तिकीट काढून मुकाट्याने दाखवत. सख्ख्या मेहुण्याला त्यांनी आपल्याच मुलीच्या लग्नाला जाताना एसीच्या डब्यातून नागद्याला उतरवलं होतं, कारण त्याच्याकडे स्लीपरचं तिकीट होतं. वऱ्हाड एका डब्यात आणि नवरीचा मामा दुसऱ्या डब्यात, असं ते लग्न गाठलं गेलं. मेहुणा अजून या घरी येत नाही. काकूंना विचारलं की त्या म्हणत, "जाऊ द्या, चहा घ्या."

पण त्यांची तपासायची एक पद्धत होती, आणि तिचा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान होता. इतर टीसी जनरलच्या डब्यातून सुरुवात करत, कारण तिथे माणूस पटकन सापडतो आणि वाद घालत नाही. काका आधी एसीचा डबा तपासायचे. तिथल्या साहेबांना उठवायचं, त्यांच्या ओळखीपाळखी ऐकून घ्यायच्या, आणि मग खाली खाली जायचं. या पद्धतीपायी त्यांच्या दोन बदल्या झाल्या होत्या, एक वरिष्ठ कायमचे दुखावले होते, आणि बढती हुकली होती. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केलेली मी ऐकली नाही. "वरच्याला सोडलं ना, की खालच्याला हात लावायचा आपला हक्क गेला," असं ते म्हणत, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज थोडा चढायचा.

अशा माणसाला मासे पकडायचा नाद कुठून लागला हे मला कोडंच होतं. घर पक्कं शाकाहारी. कांदासुद्धा चातुर्मासात बंद. काठी घरात आणायची परवानगी नव्हती, ती जिन्याखाली उभी असायची. आमिषासाठी कणीक मळायची, त्यात शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर हिंग. ते मळणं अंगणात, जुन्या ताटलीत, आणि ती ताटली काकूंनी लाल रंगाने खूण करून वेगळी ठेवलेली. मासा लागला की काका तो अलगद सोडवायचे, काटा लावून वजन करायचे, वहीत लिहायचे आणि पाण्यात परत सोडून द्यायचे. मी एकदा विचारलं, की खायचा नाही तर पकडायचा कशाला. त्यांनी शांतपणे सांगितलं की बत्तीस वर्षं त्यांनी माणसं पकडली, तीसुद्धा कुठे खाल्ली.

तलावावर बाभळीखाली त्यांची एक ठरलेली जागा होती आणि त्या जागेचा अर्धा भाग शकूरभाईंचा होता. शकूरभाई भैरवगढचे. कपड्यावर लाकडी ठशांनी छपाई करणारं त्यांचं घर, आणि त्या घरात ते सर्वांत जुने कारागीर. आठवड्याचे सहा दिवस वाकून ठसे मारणारी त्यांची पाठ रविवारी त्या बाभळीला टेकायची. डॉक्टरांनी त्यांना काम कमी करा म्हटलं होतं. ते त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी तलाव जास्त करायचं ठरवलं होतं. बांबूची काठी स्वतः तासलेली, तिला मंजिष्ठेचा तांबडा रंग दिलेला. पाण्यावर तरंगायला मोरपिसाच्या दांडीचा तुकडा. मासा त्यांना काकांपेक्षा जास्त लागायचा आणि ते तो घरी न्यायचे.

अकरा वर्षं हे दोघे शेजारी बसत होते आणि अकरा वर्षांत त्यांच्यात जे बोलणं झालं असेल ते माझ्या आईच्या एका फोनमध्ये मावलं असतं. आल्यावर सलाम, मग "पानी कैसा है," मग दुपारी डबे उघडल्यावर दोन वाक्यं. काकूंच्या दशम्या शकूरभाईंना आवडायच्या आणि त्यांच्या पिशवीतले सेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे, काकांना. शकूरभाई दुपारच्या नमाजाला उठले की काका त्यांची दोरी पाण्यातून काढून ठेवायचे, कारण एका माणसाने दोन काठ्या सांभाळायच्या नाहीत असा नियम होता. शकूरभाई परत येऊन दोरी पुन्हा टाकायचे. दर रविवारी हे व्हायचं आणि दर रविवारी शकूरभाई माझ्याकडे बघून मिशीत हसायचे. काकांना दुसरा मित्र नव्हता. सरळ सांगायचं तर त्यांचा स्वभावच असा होता की दुसरा टिकला नसता.

तलावावर नुसत्या हौसेने गळ टाकायलाही परवाना लागायचा. वर्षाचा परवाना, एक काठी, दिवसाला दोन मासे, आणि पावसाळ्यात मासे अंडी घालतात ते दोन महिने बंद. काकांनी हा परवाना प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवलेला असायचा. चौकीदाराने तो बघावा म्हणून ते थांबायचे. चौकीदार म्हणायचा, "टीसी साब, आपका क्या देखना." काका म्हणायचे, देखना है. मग तो बघायचा, काका त्याला वहीत नोंद करायला लावायचे, आणि मगच आम्ही पुढे जायचो. पूर्वी हे परवाने ऑफिसचा बाबू वर्षातून एकदा तलावावर येऊन झाडाखाली बसून करून द्यायचा. दोन वर्षांपूर्वी ते सगळं फोनवर गेलं. काकांचा परवाना मीच माझ्या फोनवरून काढून दिला. आधारचा नंबर टाकला, फोनवर आलेला आकडा भरला, झालं. चहा गार व्हायच्या आत परवाना आला होता. तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काहीही आलं नाही, आणि काकांच्याही नाही.

त्या हिवाळ्यात तलावावर इंदूरच्या गाड्या वाढल्या. मोठमोठ्या गाड्या, रंगीत छत्र्या, घडीच्या खुर्च्या, चकचकीत काठ्या. चौकीदार त्यांना लांबूनच सलाम ठोकायचा आणि सायकलवरून आलेल्या माणसाला मात्र अडवायचा. काकांनी हे चार रविवार बघितलं. पाचव्या रविवारी घरी आल्यावर त्यांनी तीन प्रतींत अर्ज लिहिला. तलावावर गरिबालाच परवाना विचारला जातो, गाडीवाल्याला विचारला जात नाही, हा अन्याय आहे, तरी सर्वांची सरसकट तपासणी व्हावी आणि ती गाडीवाल्यांपासून सुरू व्हावी. सोबत सहा गाड्यांचे नंबर जोडले होते. एक प्रत त्यांनी स्वतः ऑफिसात नेऊन दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊन आले. तो शिक्का त्यांनी मला दोनदा दाखवला.

अर्जाची दखल घेतली जाईल असं मला वाटलं नव्हतं. पण ऑफिसात नवीन निरीक्षक आला होता, तिशीतला, कामाचा हुरूप असलेला. पुढच्या रविवारी सकाळी तो दोन माणसं घेऊन तलावावर हजर. काका गळ्यातलं पाकीट सरळ करून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद नंतर कधी पाहिला नाही. निरीक्षकाने अर्जात म्हटलं होतं तसंच केलं. आधी गाड्या.

आणि गाडीवाल्यांकडे परवाने होते. एकेकाने फोन काढला आणि दाखवला. करड्या गाडीतल्या एका इंदूरच्या दातांच्या डॉक्टरांबरोबर आलेल्या दोन पोरांकडे तेवढा नव्हता. निरीक्षक म्हणाला, मी सगळ्यांना पंधरा मिनिटं देतो, तेवढ्यात काढून दाखवा. पोरांनी खुर्चीत बसल्या बसल्या काढला आणि दाखवला. मग निरीक्षक सायकलवाल्यांकडे वळला, तिथेही बहुतेकांकडे कागद निघाला, कोणाच्या मुलाने काढून दिलेला, कोणी दुकानातून छापून आणलेला. शेवटी तो बाभळीखाली आला. काकांचा परवाना पाहिला, तारीफ केली. शकूरभाईंनी कमरेच्या पिशवीतून एक डबी काढली, त्यातून जपून ठेवलेला कागद काढला आणि उलगडून पुढे धरला. तो दोन वर्षांपूर्वीचा होता, बाबूने झाडाखाली बसून दिलेला शेवटचा. चौकीदार जुन्या ओळखीने तोच लांबून पाहून त्यांना आत सोडत आला होता.

निरीक्षकाने त्यांनाही पंधरा मिनिटं दिली. आवाज न चढवता, चाचा म्हणून. शकूरभाई म्हणाले, पंधरा मिनिटांत काय होणार साहेब, दोन वर्षांत झालं नाही. ते तीन वेळा देवास गेटच्या ऑनलाइनच्या दुकानात जाऊन आले होते. त्यांच्या आधारला फोन जोडलेला नव्हता, म्हणून यंत्रावर अंगठा लावावा लागायचा, आणि यंत्र त्यांचा अंगठा घ्यायचं नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. पन्नास वर्षं रंग, तुरटी आणि खाराच्या पाण्यात बुडवलेले हात. बोटांची टोकं गुळगुळीत, एकही रेघ नाही. मी तीन वर्षं त्या हातांतून सेव खात होतो आणि कधी नीट पाहिले नव्हते.

त्या दिवशी अख्ख्या तलावावर एकच माणूस विनापरवाना सापडला. निरीक्षकाने नाव लिहून घेतलं, तांबडी काठी जप्त केली, आणि दोन महिन्यांत परवाना दाखवला नाही तर काठी जाईल आणि त्या तलावावर कायमची बंदी येईल असं सांगितलं. शकूरभाईंनी दशमी तशीच ठेवली, काकांना सलाम केला आणि सायकल घेऊन निघून गेले. स्कूटरवर परत येताना काकांनी काठी आडवी धरली होती आणि मला दोनदा थांबावं लागलं.

मला निरीक्षकाचा राग आला होता. म्हातारा माणूस, सोडून दिलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी घरी आल्यावर बोललो. काका माझ्यावरच उखडले. सोडून कसं देणार? त्याने सगळं बरोबर केलं होतं. आधी वरून सुरुवात केली, सगळ्यांना सारखा वेळ दिला, कोणाला शिवी दिली नाही. ते त्याच्या जागी असते तर त्यांनीही तेच केलं असतं. एवढं बोलून ते जिन्याच्या पायरीवर बसले.

"ती पोरं पंधरा मिनिटांत मोकळी झाली, इंजिनियरसाहेब. शकूरभाईंना दोन वर्षं नाही पुरली. आता याला बरोबर म्हणू का चूक, मला समजून नाही राहिलं." मग म्हणाले, "बत्तीस वर्षं मी तिकीट आहे का, एवढंच विचारलं. का नाही, हे एकालाही विचारलं नाही. आणि शकूरभाईंना तर तेवढंही नाही विचारलं. मी समजून चाललो की असणारच."

मेहुण्याला गाडीतून उतरवणारा माणूस अकरा वर्षं मित्राला परवाना विचारत नाही, यावर एरवी मी त्यांची टिंगल केली असती. त्या दिवशी केली नाही. मला त्यांची दया आली, आणि त्यांना ती आवडली नसती म्हणून मी वर निघून गेलो.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी शकूरभाईंचा परवाना काढायला घेतला, आणि तो निघेपर्यंत स्वतःची काठी जिन्याखालून हलवायची नाही असं ठरवलं. रविवारी ते घरी राहू लागले. काकूंचे हाल झाले. काकांनी डाळीच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, गॅसवाल्याला ओळखपत्र मागितलं, आणि मोलकरणीला हजेरीपट करून दिला. काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "काही करा, पण यांना तलावावर धाडा. दोन घासांच्या वर जेवत नाहीत, आणि माझ्यासोबत गोष्टही नाही करत."

देवास गेटच्या त्या दुकानात आम्ही तिघे चार वेळा गेलो. दहाही बोटं लावून पाहिली. दुकानदाराने सांगितलं लिंबाने घासा, घासलं. काकूंनी ग्लिसरीन दिलं, लावलं. काकांनी तर घरून कोमट पाण्याचा थर्मास आणला आणि दुकानाच्या पायरीवर शकूरभाईंचा हात धरून एकेक बोट शेकलं. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. यंत्राने शेवटपर्यंत माणूस ओळखला नाही. फोन जोडायचा तर त्यालाही अंगठाच हवा होता. शकूरभाई म्हणाले, राहू द्या टीसी साब, आता घरी बसेन. काकांनी ते ऐकू न आल्यासारखं केलं.

मग त्यांनी परवान्याचे सगळे नियम छापून आणवले आणि रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसे बोट ठेवून वाचले. शेवटून दुसऱ्या पानावर त्यांना सापडलं. यंत्रावर ओळख पटत नसेल, तर त्या व्यक्तीला ओळखणाऱ्या दोन परवानाधारकांनी लेखी दिल्यास अधिकारी आपल्या अधिकारात परवाना देऊ शकतो. मी दुकानदाराला विचारलं, ऑफिसच्या बाबूला विचारलं. ही ओळ कोणी वाचली नव्हती. पहिली सही काकांची. दुसरी कोणाची, हा प्रश्न होता, कारण मी कधी गळ टाकत नव्हतो म्हणून माझ्याकडे परवानाच नव्हता, आणि सायकलवाल्यांपैकी कोणी सरकारी कागदावर सही करायला तयार होईना. त्या तपासणीनंतर ते सगळे काकांना बिचकून होते.

तेव्हा पुढच्या रविवारी काका जुना काळा कोट चढवून, काठी न घेता, तलावावर गेले आणि सरळ करड्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले. दातांचे डॉक्टर छत्रीखाली चहा घेत होते. काकांनी आधी सांगितलं की तुमच्या गाडीचा नंबर देऊन तक्रार करणारा मीच, आणि मग म्हणाले की मला तुमची सही पाहिजे. डॉक्टरांच्या हातातला कप तसाच राहिला. माणूस मोठ्या मनाचा निघाला. म्हणाले, द्या, करतो. पेनही काढलं. पण काकांनी कागद पुढे केला नाही. कागदावर 'मी या व्यक्तीला ओळखतो' असं होतं, आणि डॉक्टर शकूरभाईंना ओळखत नव्हते.

"बाभळीखाली बसणारे चाचा ना? बघितलंय की," डॉक्टर हिंदीत म्हणाले.

काकांनी सांगितलं, बघणं म्हणजे ओळखणं नाही, आधी ओळख करून घ्या. आणि त्या सुटीच्या दिवशी, मासे सोडून, डॉक्टरांना आपल्याच गाडीतून आम्हाला घेऊन भैरवगढला यावं लागलं. शकूरभाईंनी अंगणात चटई टाकली. वर दोऱ्यांवर ओल्या चादरी वाळत होत्या, त्यांखालून वाकून जावं लागत होतं. डॉक्टर तासभर बसले, दोन वेळा चहा प्यायले, शकूरभाईंनी त्यांना ठसा धरायला लावला आणि त्यांनी चादरीची एक कड वाकडी करून ठेवली. शकूरभाईंची बोटं हातात घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिली, मग स्वतःच कागद मागून घेतला. सही झाल्यावर काका त्यांना 'धन्यवाद' म्हणाले. तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

निरीक्षकाने कागद दोनदा वाचला, नियमाची ओळ वाचली आणि शिक्का मारला. काठी परत दिली. निरीक्षकाने दिलेली मुदत संपायला आठ दिवस राहिले होते.

काम झालं तरी काकांच्या मनातलं उतरलं नव्हतं. तपासणी कोणाच्या अर्जावरून आली हे शकूरभाईंना माहीत नव्हतं आणि ते सांगितल्याशिवाय काका त्यांच्या शेजारी बसणार नव्हते. मी म्हटलं, कशाला सांगता, झालं गेलं, आता तर परवानाही मिळाला. काका म्हणाले, शकूरभाई कदाचित यापुढे दुसऱ्या झाडाखाली बसतील, पण न सांगता त्यांच्याशेजारी बसणं म्हणजे विनातिकीट बसणं आहे.

रविवारी आम्ही पोहोचलो तेव्हा शकूरभाई आधीच बाभळीपाशी आले होते आणि आमिष मळत होते. काका बसले नाहीत. वरिष्ठांसमोर उभे राहतात तसे हात बाजूला सोडून उभे राहिले.

"शकूरभाई, वो अर्ज़ी मैंने दी थी. जाँच मेरी वजह से आई."

शकूरभाईंनी मान वर केली नाही. गोळी वळून गळाला लावली, बोटं लुंगीला पुसली.

"मालूम है," ते म्हणाले. "चौकीदार ने दो दिन पहले ही बता दिया था. बोला, चाचा, टीसी साब ने लिख दिया है, इस इतवार मत आना."

मग काकांनी जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, अगदी हळू.

"फिर आए क्यों?"

"न आता तो आप अकेले बैठते," शकूरभाई म्हणाले, आणि बसायला जागा व्हावी म्हणून थोडे सरकले.